चुका शोधणाऱ्या वाचकांचे मंडळ

अमेरिकेतील बॉस्टन शहराला लागून केंब्रिज नावाचे गाव आहे. तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९४९ साली विज्ञानकथा वाचणाऱ्यांचे एक मंडळ काढले. ते आजही चालू आहे. त्याच्या ग्रंथालयात ६०,००० हून अधिक पुस्तके व मासिके आहेत. ग्रंथालय उघडायचे कामही किल्ली सांभाळणारे सभासदच हौसेने करतात. 'आम्ही चाहते वगैरे नाही, आम्ही फक्त वाचतो,' अशा अर्थाचे एक मिश्कील वाक्य हे मंडळ बोधवाक्य म्हणून मिरवते. पण या 'फक्त वाचण्या'ने दोन नामवंत लेखकांना पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसायला लावले.

त्यांतले पहिले हॅल क्लेमंट. बॉस्टनजवळच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. १९५३ साली त्यांची 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' ही कादंबरी 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकात क्रमशः आली. तिच्यातला मेस्क्लिन हा ग्रह प्रचंड वस्तुमानाचा. पण तो इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतो, की त्याचा दिवस जेमतेम १८ मिनिटांचा. परिवलनामुळे विषुववृत्तावर वजन घटते. म्हणून तेथे गुरुत्व पृथ्वीच्या फक्त ३ पट, तर ध्रुवावर सुमारे ७०० पट! त्याच वर्षी क्लेमंट यांनी एका लेखात हा ग्रह कसा रचला ते सांगितले आणि विज्ञानकथा हा लेखक व वाचक यांच्यातील खेळ असल्याचे मांडले. लेखकाने ज्ञात विज्ञानाशी जुळेल असे लिहायचे आणि वाचकाने त्यातली चूक पकडायची.

एमआयटीच्या मंडळींनी हा खेळ मनावर घेतला. त्यांनी मेस्क्लिनचे गणित नव्याने मांडले. एवढ्या वेगाने फिरणारा ग्रह नुसता चपटा होऊन थांबणार नाही, विषुववृत्तावर त्याला धारदार कड येईल, असा निष्कर्ष निघाला. आपण चुकलो, हे क्लेमंट यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. थोडे वाईट वाटले, हेही लपवले नाही.

दुसरे लेखक लॅरी निव्हन. १९७० साली त्यांची 'रिंगवर्ल्ड' ही कादंबरी आली. तिच्यात एका ताऱ्याभोवती बांधलेले अवाढव्य कडे आहे. त्याची त्रिज्या जवळपास पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराएवढी, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर आणि रुंदी सुमारे १६ लाख किलोमीटर. कड्याच्या आतल्या बाजूवर माणसे राहतात. त्यांना वजन जाणवावे म्हणून कडे सेकंदाला सुमारे १,२४० किलोमीटर वेगाने फिरत असते. १९७१ साली बॉस्टन येथे जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. तेव्हा हॉटेलच्या व्हरांड्यांतून एमआयटीचे विद्यार्थी घोषणा देत हिंडत होते, 'रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!'

अस्थिर का? हे उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्याला सहज समजेल. कडे किंचित सरकले आणि त्याची एक बाजू ताऱ्याजवळ आली, असे समजा. आता ताऱ्यापासून समोरासमोर दोन सारखे छोटे कोन काढा. प्रत्येक कोनात कड्याचा जेवढा तुकडा येतो, त्याची लांबी ताऱ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असते. दुप्पट अंतरावर दुप्पट लांबीचा, म्हणजे दुप्पट वस्तुमानाचा तुकडा. गुरुत्वाकर्षण मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे तेथे चौथा हिस्सा उरते. दोन्हींचा गुणाकार केला, तर दूरच्या तुकड्यावरील ओढ जवळच्याच्या निम्मीच भरते. जवळची बाजू जिंकते आणि कडे त्याच दिशेला आणखी सरकते. ताऱ्याभोवती कड्याऐवजी पोकळ गोल कवच असते, तर तुकड्याचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढले असते आणि दोन्ही ओढी तंतोतंत फिटल्या असत्या. नियम तोच, पण आकार बदलताच निकाल बदलतो. कडे कितीही वेगाने फिरवले तरी ही ओढ नाहीशी होत नाही.

हा प्रश्न नवाही नव्हता. शनीची कडी अखंड घन पदार्थाची असू शकतील का, याचा विचार लाप्लासने अठराव्या शतकातच केला होता. इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाने १८५५ साली हाच विषय ॲडम्स पारितोषिकासाठी ठेवला आणि ते पारितोषिक जेम्स क्लार्क मॅक्सवेलला मिळाले. त्याचा निबंध १८५९ साली प्रसिद्ध झाला. एकसारखे घन कडे टिकणार नाही, शनीची कडी असंख्य सुट्या कणांचीच असली पाहिजेत, असे त्यात गणिताने दाखवले होते. व्हरांड्यातल्या घोषणेमागे असे शतकाहून जुने विज्ञान उभे होते.

निव्हन यांनी विद्यार्थ्यांना दूषण दिले नाही. १९८० च्या 'द रिंगवर्ल्ड एंजिनियर्स' या पुढच्या कादंबरीत त्यांनी कड्याच्या काठावर ते जागेवर ठेवणारी इंजिने बसवली. एवढेच नव्हे, त्यांच्या बिघाडाभोवतीच कथानक गुंफले. वाचकांनी काढलेल्या चुकीतून नवे पुस्तक जन्माला आले!

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? क्रमिक पुस्तकातील विधान चुकीचे असू शकते, असे म्हणायला विद्यार्थी कचरतो. गोष्टीच्या बाबतीत मात्र ती भीती नसते. म्हणून शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञानकथा मंडळ काढणे मोलाचे आहे. त्याला खर्चही फारसा नाही: एक कपाट, पंधरा-वीस पुस्तके आणि पंधरवड्याला एक तास. मराठीत डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'यक्षांची देणगी'पासून सुरुवात करता येईल. नियम एकच ठेवावा: 'हे शक्य नाही,' असे म्हणणाऱ्याने फळ्यावर आकडे मांडून दाखवायचे आणि बाकीच्यांनी ते तपासायचे.

सोपा प्रश्नही चालेल. 'रिंगवर्ल्ड'च्या पहिल्या आवृत्तीत नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी क्षणार्धात एका शहरातून दुसऱ्या शहरात जात पूर्वेकडे सरकतो. ही चूक पुढे दुरुस्त झाली. त्याने कोणत्या दिशेला जायला हवे होते? पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवा आणि आठवीच्या वर्गाला विचारा. उत्तर मुलांनाच शोधू द्या.