सोळावा प्रश्न आणि वर्धा योजना

वेताळपंचविशींतील राजा विक्रम पुनःपुन्हा स्मशानांत जातो आणि प्रेत खांद्यावर घेतो. वाटेंत वेताळ त्यास गोष्ट सांगून प्रश्न घालतो. राजा बरोबर उत्तर देतो. परंतु उत्तर देतांना त्याचें मौन मोडतें, आणि वेताळ पुन्हा जाऊन झाडाला लोंबकळूं लागतो. राजाचें ज्ञान संपत नाहीं म्हणून गोष्टहि संपत नाहीं, आणि ऐकणाऱ्यास उद्यांची ओढ लागून राहते. हीच ओढ विसाव्या शतकांत दूरचित्रवाणीच्या चालकांनीं हेरली व तिच्यावर मोठा व्यापार उभा केला. प्रश्नोत्तरांच्या खेळांत आज जिंकलेला मनुष्य उद्यां अथवा पुढल्या आठवड्यास पुन्हा त्याच आसनावर येऊन बसतो, आणि त्याच्यासाठीं घरोघरचीं माणसें जेवणें लवकर उरकतात. या परत येणाऱ्या विजेत्याचा इतिहास सुमारें सत्तर वर्षांचा आहे. त्याचें एक टोंक वर्धा शहरांत येऊन पोहोंचतें, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत आलेलें नाहीं.

आरंभ अमेरिकेंत झाला. १९४० सालीं तेथील नभोवाणीवर ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ नांवाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांतील शेवटच्या प्रश्नास चौसष्ट डॉलर मिळत. पुढें ७ जून १९५५ रोजीं तोच खेळ नव्या रूपानें दूरचित्रवाणीवर आला, तेव्हां चौसष्टांचे चौसष्ट हजार झाले. मोठ्या रकमेपर्यंत पोहोंचलेल्या खेळाडूस पुढचा प्रश्न त्याच रात्रीं विचारीत नसत. त्यानें घरीं जावें, आठवडाभर विचार करावा, आणि मिळालें तें घेऊन थांबावें कीं सर्व पणास लावावें हें ठरवून परत यावें, असा नियम होता. त्या आठवड्यांत त्याचें नांव देशभर होई. चौसष्ट हजार जिंकणारा पहिला गृहस्थ रिचर्ड मॅककचन हा मरीन दलांतील कॅप्टन होता, आणि त्यानें निवडलेला विषय युद्धशास्त्र नसून पाकशास्त्र होता. शिपाईगड्यानें मेजवानीच्या पदार्थांवरील प्रश्न सोडवावे, यांतच प्रेक्षकांची अर्धी मौज होती. हा तपशील लक्षांत ठेवण्याजोगा आहे; स्वयंपाकघरांतून आलेलें आणखी एक माणूस या इतिहासांत पुढें भेटावयाचें आहे.

परत येणारा विजेता लोकांना जितका प्रिय, तितकाच चालकांना मोलाचा. आणि अशा मोलाच्या माणसाचें भवितव्य केवळ त्याच्या स्मरणशक्तीवर सोडणें चालकांच्या जिवावर येऊं लागलें. १९५६ सालीं ‘ट्वेंटी-वन’ नांवाच्या खेळांत हर्बर्ट स्टेम्पेल हा तरुण आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. लोकांचें मन त्याच्यावरून उडूं लागलें आहे असें वाटतांच चालकांनीं त्यास हरावयास सांगितलें. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीं त्यास आदल्या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें नांव विचारलें. ‘मार्टी’ हें उत्तर त्यास पक्कें ठाऊक होतें, तो बोलपट त्याच्या आवडीचा होता; तरी ठरल्याप्रमाणें त्यानें दुसरेंच नांव सांगितलें. ज्यास उत्तर येत नाहीं त्याची हार साधी असते. येणारें उत्तर गिळावें लागणें हा अपमान निराळाच.

त्याच्या जागीं आलेला चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठांतील अध्यापक, एका नामवंत कवीचा मुलगा. मार्च १९५७ पर्यंत त्यानें १,२९,००० डॉलर मिळविले. ज्ञानाचाहि कोठें सन्मान होतो, असें म्हणून शिक्षकवर्ग त्याच्याकडे अभिमानानें पाहूं लागला. परंतु २ नोव्हेंबर १९५९ रोजीं अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेच्या उपसमितीपुढें त्यानें कबुली दिली कीं, प्रश्न व उत्तरें त्यास आधींच मिळत असत, आणि उत्तर देतांना कोठें अडखळावें हेंहि शिकविलेलें असे. पुढल्याच वर्षीं असल्या लबाडीस गुन्हा ठरविणारा कायदा तेथें झाला.

कायदा झाला तरी रात्र मध्यें पडते ती पडतेच. सप्टेंबर २००१ मध्यें इंग्लंडांतील ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलिअनेअर?’ या खेळांत चार्ल्स इंग्रॅम नांवाचा लष्करी मेजर पहिल्या दिवशीं चार हजार पौंडांशीं कसाबसा पोहोंचला. वेळ संपल्यानें दुसऱ्या दिवशीं तो परत आला, आणि चाचपडत चाचपडत दहा लाखांपर्यंत गेला. बरोबर पर्याय उच्चारला गेला कीं प्रतीक्षेंत बसलेला दुसरा एक स्पर्धक खोकतो, हें मागाहून ध्वनिमुद्रणावरून दाखविण्यांत आलें, व २००३ सालीं न्यायालयानें इंग्रॅम, त्याची पत्नी व तो खोकणारा अशा तिघांस दोषी ठरविलें. मौज अशी कीं, ज्या मनुष्याची विद्या आदल्या रात्रीं संपत आली होती, त्याच मनुष्याची दुसऱ्या रात्रीं एकाएकीं भरभराट झाली, आणि संशयास तेंच एक कारण झालें.

सरळ मार्गानें परत येत राहिलेल्या विजेत्याचें उदाहरण पाहावयाचें तर पुन्हा अमेरिकेंतच जावें लागतें. तेथील ‘जेपर्डी’ या खेळांत पांच दिवसांची मर्यादा होती, ती २००३ सालीं उठविली. आणि २००४ सालीं केन जेनिंग्ज हा तरुण लागोपाठ ७४ खेळ जिंकला. पंचाहत्तराव्या खेळांत करभरणीचीं कामें करून देणाऱ्या एका कंपनीचें नांव त्यास सुचलें नाहीं, आणि तो हरला. ती हार पाहूनच अनेकांची पूर्वीच्या ७४ विजयांविषयीं खात्री पटली असेल.

इंग्लंडांतील तोच खेळ ‘कौन बनेगा करोडपती’ या नांवानें ३ जुलै २००० रोजीं हिंदुस्थानांत आला. अमिताभ बच्चन यांच्यासमोरच्या आसनावर कारकून, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी येऊन बसूं लागले. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत पहिला कोट्याधीश झाला तो हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण, आणि महाराष्ट्रांत घरोघरीं त्याचें कौतुक झालें. या खेळांत भोंगा वाजला कीं प्रश्न तेथेंच थांबतो आणि खेळाडू पुढल्या रात्रीं परत येतो. वेताळ पुन्हा झाडावर जातो.

सप्टेंबर २०१९ मध्यें या आसनावर अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी येथल्या श्रीमती बबिता ताडे बसल्या. वर्धा नदी ओलांडली कीं अमरावती जिल्हा लागतो, तेव्हां वर्धेकरांना हा खेळ शेजारघरचाच. बबिताताई एका शाळेंत मुलांसाठीं मध्यान्हाची खिचडी शिजवीत. त्या कामाचा मोबदला महिना १,५०० रुपये. जिंकलेल्या पैशांतून काय घ्याल असें विचारतां त्यांनीं स्वतःसाठीं एक मोबाईल सांगितला. पंधराव्या प्रश्नांत १८५७ च्या बंडाच्या आठवणींचें ‘दास्तान-ए-गदर’ हें पुस्तक लिहिणारा, बहादुरशहा जफराच्या पदरचा मनुष्य कोण, असें विचारलें होतें. त्यांनीं जहीर देहलवी हें नांव दिलें, आणि त्या एक कोटी रुपयांच्या धनी झाल्या. दिल्लीच्या बादशहाच्या पदरीं असलेला तो उर्दू कवि विदर्भांतील खिचडीच्या पातेल्यापर्यंत कसा पोहोंचला असेल, याचें नवल करणाऱ्यांनीं आपण शिजविणाऱ्या हातांकडून काय अपेक्षितों याचेंच नवल अधिक करावें.

मग सोळावा प्रश्न आला, सात कोटींचा. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढें राष्ट्रपति म्हणून निवडून आले? बबिताताईंची खात्री नव्हती. उत्तर चुकलें असतें तर कोटीवरून खालीं ३,२०,००० वर यावें लागलें असतें. त्यांनीं खेळ सोडला. विक्रमाच्या कथेंतहि शेवटच्या कोड्यापाशीं राजा गप्प राहतो, आणि त्या मौनावरच वेताळ प्रसन्न होतो.

उत्तर होतें बिहार. त्या वेळपर्यंत बिहारचे दोन राज्यपाल राष्ट्रपति झाले होते. एक रामनाथ कोविंद, दुसरे डॉ. झाकिर हुसेन, जे १९५७ ते १९६२ पर्यंत बिहारांत होते आणि १९६७ सालीं राष्ट्रपति झाले. या दुसऱ्या नांवापाशीं प्रश्नाचा धागा वर्ध्याकडे वळतो.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षें सक्तीचें व मोफत शिक्षण, तें मातृभाषेंतून, आणि त्याचा मध्यबिंदु एखादा हस्तोद्योग, असे ठराव तेथें झाले. पाठांतरानें मिळविलेल्या माहितीस शिक्षण म्हणूं नये, हा त्या सर्वांमागचा आग्रह. अभ्यासक्रम आंखण्यासाठीं जी समिति नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, कुमारप्पा हे सभासद. समितीनें डिसेंबरांतच अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुरा काँग्रेसनें योजनेचें तत्त्व मान्य केलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, झाकिर हुसेन हे केवळ होकार देणारे गृहस्थ नव्हते. मुलांच्या कष्टांतून शाळेचा खर्च भागविण्यावर अति भर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेऊं लागतील, ही भीति त्यांनीं गांधीजींसमोर परिषदेंतच बोलून दाखविली होती. पुढें सेवाग्रामीं हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला तेव्हां अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलें.

तेव्हां १९३७ सालीं वर्ध्यांत ज्या गृहस्थानें निव्वळ माहितीच्या शिक्षणावर टीका करणाऱ्या अहवालास नांव दिलें, त्याचेंच नांव पुढें निव्वळ माहितीच्या एका प्रश्नांत गुंफलें गेलें, आणि तो प्रश्न पडला नदीपलीकडच्या शाळेंत रांधणाऱ्या बाईपुढें. प्रश्न काढणाऱ्यास वर्धा ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यास मोजावयाचे होते राज्यपाल.

त्या योजनेंत शाळेचें स्वयंपाकघर वर्गाइतकेंच महत्त्वाचें मानलें होतें. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेंत धान्य निवडणें, मापणें, शिजविणें, वाढणें हें मुलेंच करीत, आणि गणित, आरोग्य व अर्थशास्त्र त्यांतूनच शिकत. तेथें रांधतां येणारें माणूस शिक्षकांच्या रांगेंत बसलें असतें. पुढें ती शाळा बंद पडली. ‘आनंद निकेतन’ या नांवानें ती सेवाग्रामांत २००५ सालीं पुन्हा सुरू झाली, आणि शेती, सूतकताई व स्वयंपाक हे विषय तेथें अभ्यासक्रमांतच घातले गेले.