भिंतीवरून कागदावर: मिथिला व वारली चित्रांच्या व्यापारातील स्त्रीचे स्थान

१९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधील पडझडीची पाहणी करीत असता विल्यम आर्चर या ब्रिटिश अधिकाऱ्यास कोसळलेल्या घरांच्या आतील भिंतींवर मिथिलेतील स्त्रियांची चित्रे प्रथम दिसली. वधूवरांच्या कोहबर-घरातील हे चित्रण विवाहविधीचेच अंग होते. मैथिलीत त्यास 'लिहिणे' असेच म्हणतात. या लेखनास लेखिकेचे नाव नसे आणि मोलही नसे.

१९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मराठी कलावंत भास्कर कुलकर्णी यांस मिथिलेत पाठविले. त्यांनी स्त्रियांच्या हाती कागद दिला. भिंतीवरचे चित्र विकता येत नव्हते. कागदावरचे विकता येऊ लागले. जगदंबा देवी (१९७५), सीता देवी (१९८१) व गंगा देवी (१९८४) यांस पद्मश्री मिळाली. तथापि मागणी वाढताच दलालही आले. त्याच त्या आकृत्या घाऊक भावाने उचलल्या जाऊ लागल्या. यावर उपाय म्हणून मानववंशशास्त्रज्ञ रेमंड ओवेन्स यांच्या साहाय्याने १९७७ मध्ये जितवारपूर येथे चित्रकारांची संस्था स्थापन झाली. १९८० मध्ये अमेरिकेत निघालेल्या प्रतिष्ठानाने परदेशातील विक्रीचा नफा पुन्हा चित्रकारांकडे पोहोचविण्याची प्रथा पाडली.

याच कुलकर्णींनी १९७० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या चित्रांकडे लक्ष वेधले. तेथेही लग्नचौक लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा होता. परंतु विधीपासून सुटून चित्र कागदावर येताच तो निर्बंध उरला नाही आणि पुरुषही चित्रे काढू लागले. त्यांतील जिव्या सोमा मशे हे थोर कलावंत होत. त्यांस १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची योग्यता निर्विवाद आहे. मात्र ज्या सवाशिणींनी ही परंपरा जतन केली, त्यांची नावे बाजारात क्वचितच ऐकू आली.

कागद एकच, तो देणारा हातही एकच. फळ मात्र भिन्न. यावरून असे दिसते की, केवळ बाजारपेठ मिळवून दिल्याने परंपरेच्या धारक स्त्रीस न्याय मिळतोच असे नाही. मधुबनी चित्रांस २००७ मध्ये व वारली चित्रांस २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. परंतु हे निर्देशन प्रदेशाचे व वस्तूचे नाव राखते, करणारीचे नव्हे. कारागीर स्त्रियांच्या व्यापारास न्याय्य म्हणावयाचे, तर तिचे नाव चित्रावर आणि मोबदला तिच्याच हाती, या दोन्ही गोष्टी एकत्र पडताळून पाहिल्या पाहिजेत.