हॉकीचा फटका कंबरेत कधी उतरला?

धसईच्या खळ्यावर भाताची पेंढी झोडणाऱ्या माणसाकडे एकदा नीट पाहावे. नजरेत भरतात ते हात; जोर मात्र येतो रोवलेल्या पायांतून आणि वळणाऱ्या कंबरेतून. हॉकीत हे उमगायला आपल्याला फार उशीर झाला, असे माझे मत आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

१० मार्च १९२८. भारतीय संघ मुंबईहून बोटीने अ‍ॅम्स्टरडॅमला निघाला. त्याआधी मुंबईच्याच संघाने त्याला ३-२ असे हरवले होते, आणि निरोपाला माणसे आली होती अवघी तीन! त्याच संघाने ऑलिंपिकमध्ये २९ गोल केले, एकही होऊ दिला नाही. त्यांतले १४ ध्यानचंद यांचे. भारतीय मनगटाच्या जादूची ख्याती अशा विजयांनी पसरली.

१९७६ साली मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. दुर्लक्षित राहतो तो एक नियम. पेनल्टी कॉर्नरवर गोलाकडे पहिलाच फटका ‘हिट’ असेल, तर चेंडू ४६० मिलिमीटरहून उंच जाता कामा नये. फ्लिकला ही मर्यादा नाही. या फटीतून १९९०च्या दशकात ड्रॅग फ्लिक बहरला.

यात स्टिक मागे उगारून प्रहार करता येत नाही. चेंडू स्टिकला लावूनच ओढायचा. मग वेग कोठून येणार? पुढचा पाय रोवला जातो, आधी कंबर फिरते, मागोमाग धड, मग खांदे, आणि सर्वांत शेवटी हात व स्टिक. पोट-पाठीचे स्नायू सैल असतील, तर पायांचा जोर मध्येच जिरतो आणि भार मणक्यावर येतो. हाच तो ‘कोअर’. नुसता प्लँक धरून ही फिरकी येत नाही; म्हणून मेडिसिन बॉल कुशीकडून फेकण्याचा सराव असतो.

बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब याच स्नायूंची परीक्षा घेतो. पण तो तालमीत राहिला आणि हॉकी आली इंग्रजांच्या छावण्यांतून. खडकीचे धनराज पिल्ले अशाच छावणीच्या गावात, मोडक्या स्टिका जोडून खेळत घडले.

५ ऑगस्ट २०२१, टोकियो. जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा मागे. हरमनप्रीतचा ड्रॅग फ्लिक अडवला गेला, परतलेला चेंडू हार्दिकने गोलात ढकलला. दोनच मिनिटांनी पुन्हा पेनल्टी कॉर्नर, पुन्हा हरमनप्रीत, ३-३. अखेर ५-४, आणि ४१ वर्षांनी पदक.