न भरणारी जखम : ऊसतोड वस्तीतील त्वचारोग आणि पायाचे व्रण

दसरा-दिवाळीनंतर मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. पालावरचे राहणे, अंघोळीला अपुरे पाणी, पाचटाने कापलेले पाय. इथे खाज आणि जखम रोजचीच. पण दोन-तीन आठवड्यांत न भरणारी पायाची जखम रोजची समजू नये. रक्तातील साखर आणि पुढील आजार तपासून घ्यावेत.

कुष्ठरोग
फिकट किंवा लालसर, बधीर चट्टा ही पहिली खूण. नस बाधित झाली की तळपाय बधीर होतो. काटा टोचलेला कळत नाही, माणूस चालत राहतो, व्रण खोल जातो. एमडीटी उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो; प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. स्थलांतरात नेमका हाच उपचार तुटतो. म्हणून गाव सोडण्याआधी उपचार कार्ड आणि पुढची औषधे मागून घ्यावीत. औषधाने जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. त्यासाठी रोज तळपाय पाहणे, पाण्यात भिजवून तेल लावणे आणि मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरणे आवश्यक. जखम असेल तर ती झाकून पायाला विश्रांती द्यावी.

हत्तीरोग
नांदेड आणि लातूर हे दोन्ही हत्तीरोगाचे जिल्हे. क्युलेक्स डास तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. सुजलेल्या पायाच्या बेचक्यांतून जंतू शिरतात आणि ताप, सूज वाढते. पाय रोज साबणाने धुवावा, बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, बसताना पाय उंच ठेवावा.

खरूज आणि नायटा
खरुजेचे औषध घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे. कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावे. नायट्याला दुकानातले स्टेरॉईडचे मलम लावू नये. खाज दबते, नायटा पसरतो.

कायदा आणि आपले काम
२०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. तरीही रुग्णाला वेगळे ताट मिळते, आणि वस्तीची नाली उघडीच राहते.

अंगभर व्रण झालेल्या तिस्स भिक्खूला सोबत्यांनी टाकले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला स्वतः कोमट पाण्याने धुतले, असे धम्मपद अट्ठकथेत सांगितले आहे. टोळी निघण्याआधी वस्तीत घरोघर पाय पाहणे, कार्ड तपासणे आणि ग्रामसभेत नालीचा प्रश्न मांडणे, एवढे प्रत्येक गावातील युवक करू शकतात.