यात्रेचं घर आणि मालिकेचं घर

चैत्र लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. त्यामागे पंचांगाइतकंच शेतीचंही गणित आहे. शाळू मळून घरात आलेला असतो, उसाचा गळीत हंगाम आटोपत आलेला असतो, रानात उन्हामुळे फारसं काम नसतं आणि शाळांना सुट्टी लागायची वेळ झालेली असते. मोठ्या देवांच्या यात्रा वर्षभर विखुरलेल्या आहेत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची मार्गशीर्षात, पालीच्या खंडोबाची आणि मांढरदेवच्या काळूबाईची पौषात, बावधनचं बगाड रंगपंचमीला. पण ज्या यात्रेसाठी बंद घराचं कुलूप निघतं, ती आपल्या गावच्या देवाची असते. या यात्रेबद्दल अलीकडे एक तक्रार सतत ऐकू येते की टीव्हीवरच्या मालिकांनी तिचा जीव घेतला. पाहुणे येतात, पण संध्याकाळी सात वाजले की पडद्यासमोर बसतात. मला ही तक्रार इतिहासाला धरून वाटत नाही. मालिका या मुलखातल्या बाईला धरून बसली, कारण यात्रेच्या गर्दीने भरलेल्या घरात जे घडत होतं त्याचं नाटक तिच्यासाठी कोणीच केलं नव्हतं. यात्रेतल्या करमणुकीत तिची जागा आधीपासूनच रिकामी होती.

ही घरं वर्षभर रिकामी का राहतात, तिथूनच सुरुवात करायला हवी. माण, खटाव, आटपाडी, जत हा पाऊस चुकवणारा पट्टा. पाटण आणि जावळी डोंगराळ, तिथे जमिनीचे तुकडे लहान. मुंबईत 1850 च्या दशकात कापड गिरण्या निघाल्या आणि पुढच्या काळात कोकणाबरोबर सातारा जिल्ह्यानेही त्यांना माणसं पुरवली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या संपात हा आधार कोसळला. तोवर दुसरा आधार उभा राहिला होता: बाजारात आणि गोदीत ओझी वाहणारे माथाडी. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि 1969 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, विटा, आटपाडी भागातली माणसं आणखी लांब गेली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई धंद्यात ती देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. म्हणजे एकाच भावकीतला एक भाऊ घाटकोपरला, दुसरा तमिळनाडूतल्या एखाद्या बाजारपेठेत आणि तिसरा गावात विहिरीच्या पाळीपाळीच्या पाण्यावर. वर्षातून एकदा ही सगळी माणसं एका छपराखाली येत आणि साचलेलं सगळं दोन दिवसांत बाहेर पडे.

ते दोन दिवस जवळून पाहावेत. पहिल्या दिवशी गोडा निवद, पुरणपोळीचा. रात्री छबिना निघतो, पालखीपुढे ढोल-लेझीम. दुसऱ्या दिवशी खारा निवद. बोकडाचे वाटे पडतात, परड्यात तीन दगडांवर मोठी पातेली चढतात, रश्शाला कांदा-लसूण मसाल्याची चटणी पडते. पंगतीवर पंगती उठतात. आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग पोरं. बायका सकाळपासून भाकऱ्या थापत असतात आणि शेवटच्या पंगतीला बसतात तेव्हा रस्सा तळाला गेलेला असतो. याच वेळी खरी कुरबूर चालते. वाटा कुणाला कमी गेला, थोरल्याच्या व्याह्यांना बोलावणं आधी का गेलं, लेकीला चोळी-बांगडी केली की नाही, मुंबईकर भावाने वर्गणी जास्त दिली म्हणून नारळ त्याच्या हातून फुटणार का. पालखीच्या मानावरून भावक्यांची डोकी फुटली आहेत. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ची कथा जत्रेच्या मानाच्या जोगणीवरून जीव देणाऱ्या माणसापासून सुरू केली, ती उगाच नव्हे. या घरच्या गर्दीला आपण ‘एकोपा’ म्हणतो; पण गावची यात्रा भांडणासकट एकत्र येण्याची रीत होती. भांडण मिटलं नाही तरी पुढच्या वर्षी परत यायचं, हे तिच्यात गृहीत होतं.

आता या घरातल्या नाट्याचं सादरीकरण कुणासमोर झालं ते पाहू. यात्रेच्या रात्री तमाशा असे आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ यात्रा-यात्रांतून फड घेऊन फिरले आणि त्यांच्या वगांवर माणसं पोट धरून हसली. वगात नवरा-बायको, सासू-सून, सावकार-कुळ सगळं येत असे. पण कनातीच्या आत बसणारा प्रेक्षक बहुतेक पुरुष होता. सभ्य घरातल्या बाईने तमाशाला जायचं नाही, हा दंडक गावाने कडक पाळला. कुस्तीच्या फडाकडे तर ती फिरकतही नसे. तिच्या वाट्याला पालखीचं दर्शन, कासाराच्या दुकानातल्या बांगड्या आणि पोरांसाठी पाळणा. ज्या घरात ती दिवसभर राबली, त्याच घराची गोष्ट पटांगणात चालली असताना ती भांडी घासत होती.

हे अधिक खटकतं, कारण घराची गोष्ट रंगमंचावर आणण्यात हाच मुलूख पुढे होता. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि मराठी रंगभूमी आपला जन्म तिथे मोजते. चिंतामणराव 1851 साली वारले, राजाश्रय आटला आणि भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली. 1853 साली ती मुंबईत तिकीट लावून खेळ करत होती. ही देवादिकांची नाटकं होती. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 1899 साली ‘शारदा’ आणलं आणि रंगमंचावर साधं घर आलं. पैशाच्या लोभाने पोटची पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट, लग्न जुळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित, हतबल आई. आजच्या मालिकेचा सगळा सांगाडा त्यात आहे: लग्न, पैसा, मध्यस्थ, गप्प बसवलेली बाई. फरक एवढाच की ‘शारदा’ तिकीट घेऊन बसणाऱ्या शहरी प्रेक्षकांसाठी होतं आणि शारदेचं कामही पुरुष नट करत. खटाव किंवा शिराळ्याच्या खेड्यातल्या बाईपर्यंत ते नाटक पोचलं नाही. पोचायला शंभर वर्षं लागली आणि ते आलं तेही दुसऱ्या वाटेने.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तरी घाटमाथ्याच्या खेड्यांना त्याचा उपयोग नव्हता. 1980 च्या दशकात देशभर लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तेव्हा गावात एखाद-दुसऱ्या घरावर अँटेना दिसू लागली. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी आळीतली सगळी माणसं एका घरात जमू लागली. बाया-पुरुष एकाच खोलीत, एकच खेळ पाहत. ही साधी गोष्ट नव्हती. पुढे 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी वाहिनी आली, 2000 साली ईटीव्ही मराठी. या वाहिन्यांवरच्या ‘आभाळमाया’ मालिकेतली सुधा जोशी कॉलेजात शिकवणारी, मुंबईची, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्यावरही घर सोडून न पळणारी. ‘चार दिवस सासूचे’मधल्या आशा देशमुख अख्खं कुटुंब आणि धंदा सांभाळणाऱ्या सासूबाई. या मालिका संध्याकाळी लागत, भाकरी-कालवण होऊन पुरुष जेवायला यायच्या आधीच्या किंवा जेवणं उरकल्यानंतरच्या वेळेत. त्यासाठी कनातीत शिरायला नको, सासऱ्यांना विचारायला नको, तिकीट नको. त्या दशकात भारनियमन भयंकर होतं. ऐन वेळी वीज गेली की चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी नळावर, शेंगा तोडताना, भांगलणीच्या पातीला ज्याने पाहिला त्याच्याकडून पुरा करून घेतला जाई. माझ्या मते मालिकेची खरी ताकद या पुरवणीत आहे. पाहणारणीला त्या घराबद्दल मत देता येत होतं. स्वतःच्या जावेबद्दल जे उघड बोलता येत नव्हतं, ते मालिकेतल्या जावेबद्दल बोलता येऊ लागलं.

यावर पहिला आक्षेप असा की ही घरं साताऱ्या-सांगलीची नव्हतीच. ठाण्या-मुंबईचे फ्लॅट, गुळगुळीत फरशा, जरीच्या साड्या. खेड्यातल्या बाईला त्यात काय आपलं वाटणार? पण हा आक्षेप तिचा नकाशा विसरतो. मुंबईचं उपनगर तिला परकं नव्हतं. ते तिच्या दिराचं घर होतं. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलला तसे माथाडी कोपरखैरणे, घणसोलीला राहायला गेले आणि पाटण-जावळीच्या भावक्या त्या वसाहतींत वसल्या. यात्रेला गावी येणारी जाऊ तिथूनच येत होती: तिची साडी, तिचा मिक्सर, पोराची इंग्रजी शाळा हे सगळं ओसरीवरच्या बोलण्यात होतं. त्या घरात नेमकं काय चालतं याबद्दल गावच्या बाईला कुतूहल होतं, थोडा हेवा होता आणि ‘तिथेही सुख नसणार’ अशी शंकाही. मालिकेने त्या घराचं दार उघडून दाखवलं आणि आत तिला आपल्याच परड्यातली भांडणं दिसली. आपलेपणा वाटायला एवढा आधार पुरेसा होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो तमाशाचा. फड उठले, कलावंतांवर हलाखीची पाळी आली, हे खरं आहे आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते. पण ते पाप मालिकेच्या माथी मारता येत नाही. तमाशाचा प्रेक्षक पुरुष होता आणि संध्याकाळच्या मालिकेचा आधार बाई. एकाने दुसऱ्याचा प्रेक्षक पळवला हे पटत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी घालणारे नियम 2000 साली आले आणि मध्यरात्रीला रंगणाऱ्या वगाचा कणा मोडला. ऑर्केस्ट्रा स्वस्तात मिळू लागला, पुढे मोबाइल आला. यात्रा कमिट्यांनी तमाशाची सुपारी कमी करून ते पैसे डीजेला आणि बैलगाडा शर्यतीच्या बक्षिसांना वळवले. हे निर्णय गावच्या पुरुषांनी घेतले. त्या कमिट्यांत बाईला खुर्ची नव्हती.

तिसरा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. मालिका खोटी असते, तीत बाईच बाईची वैरीण असते, कारस्थानं करणारी सून आणि विष कालवणारी आत्या. यात्रेच्या घरातलं भांडण असं नव्हतं. त्याच्या मुळाशी जमीन होती, पाणी होतं, सातबाऱ्यावरची नावं होती. 22 जून 1994 पासून महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क मिळाला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या गेल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा हक्क देशभर गेला. यात्रेला, गौरीला, दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो आणि माहेर तुटू नये म्हणून ती त्यावर सही करते, ही पश्चिम महाराष्ट्रातली आजची रीत आहे. भावाने नेसवलेल्या साडीच्या बदल्यात कित्येक गुंठे जातात. या कागदाची गोष्ट मालिकेने ताकदीने सांगायला हवी होती. तिने तिच्या जागी ‘इस्टेट’ आणि ‘मृत्युपत्र’ असे बंगल्यातले शब्द आणले. तरीही संपूर्ण दोष देता येत नाही, कारण बाईचं दुःख हाच गोष्टीचा विषय असतो, हे रोज रात्री घराघरांत मान्य करून घेणारं दुसरं काहीही त्या गावांत नव्हतं.

पुढे गंगा उलटी वाहिली, आणि माझ्या म्हणण्याला त्याचा मोठा आधार आहे. वाई, मेणवलीचे घाट हिंदी सिनेमाला जुने ओळखीचे होते, पण ‘स्वदेस’ किंवा ‘सिंघम’साठी ते फक्त देखावा होते. 2017 साली झी मराठीवर ‘लागिरं झालं जी’ आली. साताऱ्याच्याच श्वेता शिंदे तिच्या निर्मात्यांपैकी, वाईचे तेजपाल वाघ लेखक, गोष्ट सैन्यात जायचं स्वप्न पाहणाऱ्या पोराची. पडद्यावर गावची बोली आली, ओसरी आली, आणि जीजी या आजीच्या भूमिकेत कराडच्या निवृत्त शिक्षिका कमल ठोके आल्या. आजी म्हणून त्या जे बोलल्या ते नटीचं वाटलं नाही, आणि लोकांनी त्यांच्यावर घरच्या म्हातारीइतकी माया केली. उपनगरातल्या घरात आपलं भांडण शोधणाऱ्या प्रेक्षकाला पहिल्यांदा आपलंच घर समोर दिसलं. त्यानंतर साताऱ्यात एकामागून एक मालिकांचं चित्रीकरण सुरू झालं. 2020 च्या चैत्रात टाळेबंदीने गावच्या यात्रा आणि मालिकांचं चित्रीकरण दोन्ही एकदम थांबवलं. चित्रीकरण जरा लवकर सुरू झालं. सोनी मराठीवर त्याच वर्षी ‘आई माझी काळूबाई’ आली, म्हणजे 2005 च्या यात्रेत चेंगराचेंगरीने सुमारे तीनशे माणसं गमावलेल्या मांढरदेवच्या देवीचीच मालिका, तीही साताऱ्यात चित्रित होणारी. त्या मालिकेच्या संचात करोना पसरला आणि ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर सप्टेंबरात साताऱ्यातच गेल्या. पुढच्या वर्षीही कमिट्यांनी पालखी चार माणसांत फिरवली, मुंबईकर आले नाहीत, परड्यात पातेली चढली नाहीत. त्या दोन वर्षांत काळूबाईचा गजर बायकांनी घरात बसून, पडद्यावर ऐकला.