पोटावरची नवी वाट

देहाच्या कांहीं व्यवहारांविषयीं सभ्य समाज मौन पाळतो. परंतु ज्याचा मलमार्गच बंद झाला, त्याला हें मौन परवडत नाहीं. आतड्याचें तोंड पोटावर आणून मलाला दुसरी वाट द्यावी, ही कल्पना सुचल्यापासून ती नीट साधेपर्यंत सुमारें अडीचशें वर्षें लोटलीं.

१७१० सालीं पॅरिस येथें आलेक्सिस लित्रे यानें गुदमार्ग जन्मतःच बंद असलेल्या एका मृत अर्भकाची तपासणी केली व ही युक्ति सुचविली. १७७६ त रूआं गांवच्या पिलोर या शस्त्रवैद्यानें एका मद्यविक्रेत्यावर ती प्रथम योजली. वाट उघडली, पण अडथळा सुटावा म्हणून आधीं पाजलेला पारा आतड्यांत राहून गेला होता. त्यानेंच चार आठवड्यांनीं रोग्याचा बळी घेतला. १७९३ त ब्रेस्ट येथें द्यूरे यानें प्रथम एका मृत बालकाच्या देहावर अभ्यास केला आणि मग तीन दिवसांच्या जिवंत अर्भकावर शस्त्र चालविलें. आतडें आंत ओढलें जाऊं नये म्हणून त्यानें मेणाचे धागे ओंवले. तें मूल पुढें पंचेचाळीस वर्षें जगलें!

त्या काळीं उदराचें आवरण उघडणें म्हणजे बहुधा मृत्यूला आमंत्रण. म्हणून १८३९ त आम्यूसा यानें कमरेच्या बाजूनें वाट काढली. पुढें भूल आणि लिस्टरची जंतुनाशक पद्धति आल्यावर ही भीति ओसरली व छेद पुन्हां पोटावर आला.

लहान आतड्याचें तोंड बाहेर काढणें मात्र अधिक कठीण ठरलें. त्यांतील पातळ, पाचकरसयुक्त मल कातडी जाळीत असे. उघडें पडलेलें तोंड सुजून आकसत असे. १९५२ सालीं बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यानें बाही उलटावी तसें आतड्याचें टोक उलटून त्याची कड त्वचेस शिवण्याची रीति प्रसिद्ध केली. तोटीप्रमाणें वर आलेल्या त्या तोंडांतून मल थेट पिशवींत पडूं लागला व कातडी बचावली.

नियम साधेच आहेत: आतड्याचा रक्तपुरवठा अबाधित राहावा, त्यावर ताण नसावा, आणि जागा हाड, घडी व कमरपट्टा टाळून, रोग्याला स्वतःला दिसेल अशी निवडावी. ही जागा शस्त्रक्रियेपूर्वीं त्याला बसवून व उभें करून ठरवितात.

तरीहि शस्त्रानें अर्धेंच काम झालें होतें. १९५४ त डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सेन हिची बहीण अशा शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडण्यास भिऊं लागली. तिच्यासाठीं तिनें कातडीस चिकटणारी पिशवी कल्पिली. वैद्यानें प्राण वाचविला, पण चारचौघांत निर्भयपणें बसण्याचा हक्क परत दिला तो या भगिनीप्रेमानें.