जबलपूरच्या टायटॅनोसॉरसचें अस्सल साधन

इतिहाससंशोधकांस प्राण्यांच्या हाडांचें काय प्रयोजन, अशी शंका वाचकांस येईल. परंतु पुढील हकीकत एक अस्सल साधन गहाळ होऊन पुन्हां हातीं लागल्याची आहे. म्हणून ती संग्राहकांपुढें ठेवण्यासारखी आम्हांस वाटते.

ठगांच्या बंदोबस्तामुळें प्रसिद्धीस आलेला कॅप्टन स्लीमन यास इ. स. १८२८ मध्यें जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर पाषाणरूप झालेले शेपटीचे मणके मिळाले. ‘डायनोसॉर’ हा शब्दच इ. स. १८४२ मधला. मणके हातोहात कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप, म्हणजे ब्राह्मी लिपि उलगडणारे तेच, यांजकडे पोंचले. इ. स. १८७७ मध्यें रिचर्ड लिडेकर यानें त्यांच्या आधारें ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हें नांव बसविलें. लांब मानेचा, खांबांसारख्या पायांचा हा शाकाहारी प्राणी दख्खनच्या काळ्या पाषाणाखालील लमेटा थरांतला. काळ सुमारें सात कोटी वर्षांपूर्वींचा.

पुढें इंग्लंड, अर्जेंटिना, मादागास्कर येथील हाडेंही याच नांवाखालीं घालण्यांत आलीं. तीं मुळाशीं ताडून पाहावीं, तर मूळ मणक्यांचा पत्ता नाहीं! इ. स. २००३ मध्यें विल्सन व अपचर्च या संशोधकांनीं दाखविलें कीं, ज्या लक्षणांवर हें नांव उभें होतें, तीं या कुळांतील अनेक प्राण्यांत आढळतात. मोडी पत्रांतील एखादें वळण साऱ्याच कारकुनांच्या हातचें निघालें, तर त्यावरून पत्राचा लेखक ठरत नाहीं; तसेंच हें. सबब नांव अग्राह्य ठरलें.

इ. स. २०१२ मध्यें कलकत्त्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहांतच त्यांतील एक मणका सांपडला, व पुढील वर्षीं मोहबे, सेन आणि विल्सन यांनीं तो प्रसिद्ध केला. अस्सल मिळालें, पण नांव कांहीं परत आलें नाहीं.

मग शोधाचा लाभ काय? आमच्या मतें लाभ मोठा आहे. अस्सल साधन आपल्या आवडत्या मताची पाठराखण करील म्हणून तें जपावयाचें नसतें. त्या मताची परीक्षा कोणासही केव्हांही घेतां यावी म्हणून जपावयाचें असतें. हा मणका परमुलखास गेला नव्हता. तो घरांतच होता, आणि तरीही गहाळ गणला गेला. ज्यांच्या घरीं दफ्तरें आहेत, त्यांनीं प्रत्येक रुमालावर प्राप्तिस्थान, देणाऱ्याचें नांव व तारीख आजच लिहावी, एवढीच आमची विनंति आहे.